कराटे : वर्षभराचा सराव, क्षणाचा संयम

कराटे वर्गाचे वर्ष पट्ट्यांच्या परीक्षा आणि स्पर्धा यांभोवती फिरते. पांढरा पट्टा बांधणारा नवा विद्यार्थी ‘क्यू’ श्रेणी एकेक करून ओलांडत काळ्या पट्ट्याच्या पहिल्या ‘दान’पर्यंत पोहोचतो. सरावाचे तीन भाग असतात. ‘किहोन’ म्हणजे मूलभूत ठोसे, लाथा व बचाव. ‘काता’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी करावयाच्या हालचालींचा ठरावीक क्रम. तर ‘कुमिते’ म्हणजे प्रत्यक्ष लढत.

स्पर्धेतील कुमितेत ठोशाला १, धडावरील लाथेला २ आणि डोक्यावरील लाथेला ३ गुण मिळतात. मात्र प्रहार नियंत्रित असावा लागतो. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा आघाडीवर होता. त्याची उंच लाथ जोरात बसल्याने इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. हमेदी अपात्र ठरला आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळाले.

प्रहार करण्याइतकेच तो वेळीच आवरणेही महत्त्वाचे असते. वर्षभर त्याच त्या हालचाली पुन:पुन्हा घोटून घेतल्या जातात, त्या याचसाठी.