फ्लेक्शन (शरीररचना व व्याकरण)

‘वाकवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेली, दोन शास्त्रांत रूढ झालेली संज्ञा.

शरीररचना : सांध्यातील हाडांमधला कोन कमी करणारी हालचाल. कोपर दुमडताना बायसेप्स व त्याच्याखालचा ब्रेकिॲलिस हे स्नायू आखडतात. घोट्याच्या बाबतीत पाऊल वर उचलणे आणि खाली दाबणे या दोन्ही हालचालींना, वेगवेगळी विशेषणे जोडून, हेच नाव देतात. ‘आकुंचन’ हा शब्द स्नायूच्या आखडण्यासाठी रुळलेला असल्याने सांध्यासाठी ‘वाकणे’ म्हणणे बरे.

व्याकरण : लिंग, वचन, विभक्ती, काळ इत्यादींमुळे शब्दाच्या रूपात होणारा विकार. फ्रीड्रिख श्लेगेल याने १८०८ मध्ये, शब्द आतून बदलणाऱ्या भाषा आणि बाहेरून जोड लावणाऱ्या भाषा, असा भेद केला. फ्रांट्स बोप याने पुढे क्रियापदांचे काही प्रत्यय मूळच्या स्वतंत्र शब्दांपासून आल्याचे मांडले. मराठीत या विकाराचे खरे स्थान प्रत्ययात नसून सामान्यरूपात आहे. ‘घोडा’ला ‘ला’ लागण्याआधीच त्याचे ‘घोड्या’ होते, आणि हेच रूप ‘घोड्यावर’, ‘घोड्यासाठी’ यांतही येते. पुढे विभक्तिप्रत्यय आहे की शब्दयोगी अव्यय, याने त्यात फरक पडत नाही. ‘पाऊस’चे ‘पावसात’ आणि ‘वीट’चे ‘विटेवर’ होताना तर शब्दाच्या आतले स्वरही बदलतात.

यावर आक्षेप असा, की ‘दादाला’, ‘डॉक्टरला’ यांत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. मग मराठीला जोड लावणारी भाषा का म्हणू नये? याचे उत्तर विशेषणात सापडते. ‘चांगला डॉक्टर’, पण ‘चांगल्या डॉक्टरला’. इथे विशेषणाला प्रत्यय लागलेला नाही आणि नाम बदललेले नाही, तरीही विशेषण बदलले आहे. हा विकार केवळ प्रत्यय चिकटल्याचा परिणाम असता, तर प्रत्ययापासून दूर असलेल्या शब्दात तो दिसला नसता. ‘हुशार’, ‘सुंदर’ अशी विशेषणे बदलत नाहीत, हे खरे. पण त्यामुळे विकाराचे क्षेत्र मर्यादित ठरते, त्याचे अस्तित्व नाकारले जात नाही. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) मध्ये सामान्यरूपाचा विचार केला आहे.

अन्य अर्थ : गणितात वक्राचा बाक ज्या बिंदूपाशी उलटतो, त्याचे नाव याच धातूपासून आले आहे.

मराठीत विकाराचे खरे स्थान सामान्यरूपात असल्याने, मराठी व्याकरण शिकवताना विभक्तीच्या तक्त्याआधी सामान्यरूप शिकवणे अधिक शास्त्रशुद्ध आहे.