आधी बाग की आधी दवाखाना?

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ सुरू केलं आणि पुढे पार कर्नाटकातून पेशंट गाडी पकडून मिरजेला यायला लागले. त्यामुळे एखाद्या मिरजकराला विचारून बघा, "कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे, पोरांसाठी बाग करायची की हॉस्पिटल?" उत्तर ठरलेलं! आजारी माणसापुढे घसरगुंडीचं काय घेऊन बसलात?

गंमत म्हणजे हाच प्रश्न एकदा थेट सुप्रीम कोर्टात गेला होता.

गोष्ट बंगलोरची. तिथल्या एका वसाहतीच्या आराखड्यात बागेसाठी जागा राखून ठेवली होती. १९७६ साली कर्नाटक सरकारने बागेचं आरक्षण बदललं आणि जागा एका खाजगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी द्यायला सांगितलं. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. ट्रस्टचं म्हणणं साधं होतं: दवाखानाही लोकांच्याच उपयोगाचा. पण १९९१ साली सुप्रीम कोर्टाने निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला. बाग सगळ्यांची असते आणि खाजगी नर्सिंग होम काही तिची जागा घेऊ शकत नाही. आणि बागेसाठी भांडायचा हक्क तिथे राहणाऱ्यांना आहे, हेही कोर्टाने मान्य केलं.

आता आपल्याकडे या.

जुन्या बागा बहुतेक कुणाच्या तरी मर्जीने झाल्या. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी तळं बांधलं. त्या परिसरात १९५३ साली पेशवे पार्क झालं आणि १९५६ पासून तिथे फुलराणी धावायला लागली. पण गावोगावी पेशवे कुठून आणणार? म्हणून कायदा आला. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, आणि सध्याचा महाराष्ट्राचा १९६६ चा. विकास आराखड्यात बाग, शाळा, मैदान यांच्या जागा राखून ठेवायच्या, ही त्यातली मुख्य कल्पना.

मात्र त्यात एक कलम आहे, १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही (आधी ६ महिने, आता २४) काही हालचाल झाली नाही, की आरक्षण रद्द! मालकाच्या बाजूने बघितलं तर हे रास्तच आहे. स्वतःच्या जमिनीवर त्याने किती वर्षं नुसतं गवत बघत बसायचं? पण पालिका झोपली तर बाग जाते. तिथे कुणी दवाखाना मागतही नाही, सरळ फ्लॅट उभे राहतात.

दुसरी जागा म्हणजे लेआऊटमधली 'खुली जागा'. मोठ्या प्लॉटचा लेआऊट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. सांगली-मिरज-कुपवाडला हाच नियम. झोके, सी-सॉ, घसरगुंडी बसवायची ती इथेच. खाली फरशी नको, वाळू हवी, म्हणजे पडलेलं पोर रडून परत खेळायला उठतं.

तेव्हा मंडळी, फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचनच्या आधी मंजूर लेआऊट मागा. खुली जागा कुठे दाखवली आहे ते बघा आणि प्रत्यक्ष तिथे काय उभं आहे तेही बघून या. बंगलोरच्या त्या लोकांनी कोर्टाची पायरी चढायच्या आधी एवढंच केलं होतं: नकाशात बाग आहे, हे त्यांना माहीत होतं.