फडावरचे नाना

नाना फडणवीस म्हटले की आपल्याला आठवतात ते साडेतीन शहाण्यांतले मुत्सद्दी. सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि तलवारीचे धनी नसल्यामुळे नाना अर्धे! पण ज्या पदावरून त्यांना हे नाव मिळाले, ते पद मुत्सद्द्याचे नव्हते, हिशेबनिसाचे होते. मंडळाच्या जमाखर्चाची वही काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे असेल, पण मला नानांचे हेच रूप अधिक जवळचे वाटते. त्याचीच थोडी ओळख भगिनींना करून द्यावी म्हणून हा लेख.

नानांचे पाळण्यातले नाव बाळाजी, घराणे भानूंचे, मूळ गाव कोकणातील श्रीवर्धन. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. १७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि अवघ्या चौदाव्या वर्षी फडणिशी नानांकडे आली. १७६१ साली पानिपतावर तेही होते. त्या धुमाळीतून ते आणि त्यांची पत्नी यशोदाबाई कशीबशी परतली. आई मात्र कायमची अंतरली. नानांनी आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात हे सारे लिहून ठेवले आहे.

पानिपतानंतर दौलत कर्जात बुडाली होती. थोरले माधवराव स्वारीवर जात, तेव्हा पुण्याचा कारभार पाहण्यात नाना असत. १७७२ साली थेऊरला माधवरावांनी देह ठेवला. त्यापूर्वी केलेल्या यादीत त्यांनी कर्ज फेडण्याची आज्ञा केली होती. मरणाच्या दारातही ज्या धन्याला देण्याची आठवण राहते, त्याच्या हाताखाली नाना तयार झाले होते.

फडणिसाचे काम तरी काय? रोजची जमा आणि रोजचा खर्च रोजकीर्दीत उतरायचा, निघणाऱ्या हुकुमांवर तारीख पडायची, खजिन्यातली शिल्लक ताळ्यावर यायची. पुण्याच्या हुजूर दप्तरात २०० च्या आसपास कारकून लेखणी चालवीत. पुढील वसुलाच्या अंदाजाला बेहडा म्हणत. वर्षअखेरीच्या गोषवाऱ्याला तर्जुमा. चालू कागद फडावर राहत आणि पुरे झालेले एकबेरीज दप्तरात जात.

खरी मेख पुढेच आहे. परगण्यावर मामलेदार असे, पण त्याच्या कचेरीतले दरकदार, म्हणजे मुजुमदार, फडणीस वगैरे, हुजुरातून नेमलेले असत. मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे आणि त्यांच्या हातचे कागद असल्याशिवाय त्याचा हिशेब पुण्यास मान्य होत नसे. पैसा एकाच्या हाती आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती, अशी ही व्यवस्था. घरात सुद्धा आणणारा एक आणि मांडणारी दुसरी असली, तर घर सावरते, हे का आपल्याला ठाऊक नाही?

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. बारभाईंच्या कारस्थानात नाना पुढे आले. गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित नेण्यात आले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. त्या तान्ह्या पेशव्याच्या नावाने नानांनी दौलत चालविली. कोण सरदार किती देणे लागतो, कोणाला सरंजाम केवढा, हे ज्याच्या कागदावर आहे, त्याला डावलून राज्य चालवणे सोपे नव्हते. नानांच्या बुद्धीला बळ मिळाले ते या फडावरून, असे मला वाटते.

परंतु नानांची एक बाजू झाकून चालणार नाही. सारी सूत्रे त्यांनी आपल्याच मुठीत ठेवली. सरकारी हिशेबाचे ते राखणदार, तरी त्यांची खाजगी संपत्तीही अफाट होती. १३ मार्च १८०० रोजी ते वारले, तेव्हा त्यांची जागा भरून काढणारा कोणी उरला नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दप्तराची आबाळ झाली, कारकून मंडळी जवळजवळ मोडून गेली, लोकांनी कागद उचलून नेले तरी कोणी हटकीना. १८१८ साली राज्य गेले. पण दप्तर त्यापूर्वीच विस्कटले होते.

तरीही जे उरले, त्यानेच आज आपल्याला पेशवाई दिसते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून निवडक उतारे काढले. त्यांवर न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली विवेचन केले. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल अजून जपलेले आहेत. लढाया जिंकणाऱ्यांची पागोटी गेली, पण कोणा कारकुनाने त्या दिवशी इमानाने लिहिलेली ओळ राहिली.

मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. हिशेब माणसाच्या डोक्यात राहिला, तर तो माणसाबरोबर जातो. वहीत राहिला, आणि ती वही दुसरीला वाचता आली, तर संस्था टिकते. आपल्या मंडळाची वही पुढे जिच्या हाती जाईल, तिला आमच्यापैकी कोणालाही काही विचारावे लागू नये, एवढी ती स्वच्छ असावी.