लॉर्ड बारहॅम : कचेरीतील साक्ष

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या समुद्रात इंग्लंडने फ्रान्स आणि स्पेन यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. त्या विजयाने नेल्सनचे नाव अजरामर झाले. परंतु त्या वेळी लंडनमध्ये नौदलाची सूत्रे सांभाळणाऱ्या ७९ वर्षांच्या वृद्धाचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. ते होते चार्ल्स मिडलटन, लॉर्ड बारहॅम.

स्कॉटलंडमधील लीथ येथे १७२६ साली त्यांचा जन्म झाला. १७५९ मध्ये ते ‘अरंडेल’ या युद्धनौकेचे कप्तान असताना आफ्रिकी गुलामांना वाहून नेणारे एक जहाज त्यांना भेटले. त्यावर आमांशाची साथ होती. ‘अरंडेल’वरील शल्यचिकित्सक जेम्स रॅमसे त्या जहाजावर गेले आणि तेथील यातना पाहून हादरले. पुढे रॅमसे धर्मोपदेशक झाले. वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर गुलामांची बाजू घेतल्याने मळेवाल्यांनी त्यांचा छळ मांडला, तेव्हा मिडलटन यांनीच त्यांना केंटमधील टेस्टन या आपल्या गावी आसरा दिला. तेथूनच १७८४ मध्ये रॅमसे यांचा गुलामगिरीविरोधी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१७७८ ते १७९० या काळात मिडलटन नौदल मंडळाचे कंट्रोलर होते. जहाजबांधणी, दुरुस्ती, गोद्यांचा कारभार हे सारे त्यांच्याकडे होते. लाकडी जहाजाचा तळ किडे पोखरतात आणि शेवाळाने गती मंदावते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगावयास नको. मिडलटन यांनी साऱ्या आरमाराच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकून घेण्याचा आग्रह धरला. गोद्यांतील गैरव्यवहार रोखण्यासाठी सुचविलेल्या सुधारणा सरकारने अमलात आणल्या नाहीत, तेव्हा त्यांनी १७९० मध्ये पद सोडले. १७९५ मध्ये एका सेनानीला अन्यायाने दूर करणाऱ्या हुकुमावर सही करण्यास नकार देऊन त्यांनी पुन्हा एकदा पदत्याग केला.

१७८४ मध्ये ते रॉचेस्टरमधून संसदेत निवडून आले. गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न त्यांनीच मांडावा, असा त्यांच्या पत्नी मार्गारेट यांचा आग्रह होता. परंतु आपण वक्ते नाही, हे ते ओळखून होते. त्यांनी १७८६ मध्ये तरुण विल्बरफोर्स यांना हे कार्य हाती घेण्याची गळ घातली. योग्य माणसाच्या हाती काम सोपवून स्वतः मागे राहण्यासही विनय लागतो.

१८०५ मध्ये नौदल निधीच्या प्रकरणात लॉर्ड मेलव्हिल यांना पायउतार व्हावे लागले आणि विस्कटलेली घडी बसविण्यासाठी या वृद्धालाच बोलावणे आले.

त्यांच्या जीवनात विसंगती नव्हती असे नाही. ज्या आरमाराला त्यांनी बळ दिले, तेच आरमार गुलामांच्या घामावर पोसलेल्या साखर बेटांचे रक्षण करीत होते. परंतु १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८०८ पासून त्याच आरमाराची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामवाहू जहाजे पकडू लागली. हा पालट पाहून १८१३ मध्ये मिडलटन यांनी देह ठेवला.

ते कॅथलिक नव्हते. किंबहुना त्यांच्या हयातीत ब्रिटिश संसदेत कॅथलिकांना प्रवेशच नव्हता. ते दार १८२९ मध्ये उघडले. तरीही त्यांच्या जीवनापासून आपण शिकावे असे बरेच आहे. आपल्यापैकी अनेकांचा दिवस कचेरीत, कागदांच्या ढिगाऱ्यात जातो. आपली श्रद्धा रविवारच्या मिस्साबरोबर मंदिरातच राहते, की सोमवारी सही करताना आपल्या हाताशी असते?