कोयनेची भेग आणि तिचे पाठभेद

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या पाळीने अडवणाऱ्या त्या माणसाने मनात काही हिशेब केला असणारच. पण तो कागदावर आपल्यापर्यंत आलेला नाही. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात विसाव्या शतकात इटियाडोह धरण झाले, ते नकाशे आणि आकडेमोड हाती घेऊन. मधल्या काळात धरणाचा हिशेब ही लिहिलेली, नकलता येणारी संहिता झाली. आणि संहिता म्हटली की पाठभेद आलेच. त्यांचा इतिहास पाहायचा तर मात्र गोंदिया सोडून कोयनेला जावे लागते, कारण जगभरच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा सोडवलेले गणित तिथले आहे.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या काँक्रीटच्या भिंतीला, कोरड्या बाजूचा उतार जिथे एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. धरणातच बसवलेल्या यंत्राने हादरा नोंदवून ठेवला होता. कारण आणि परिणाम दोन्ही हाती असणे हा अभ्यासकाच्या दृष्टीने दुर्मीळ योग. १९७३मध्ये बर्कलीचे अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी आपले विश्लेषण प्रसिद्ध केले. पद्धत ‘फायनाइट एलिमेंट’ची: अखंड भिंत लहान लहान तुकड्यांची जाळी मानायची आणि प्रत्येक तुकड्याची समीकरणे एकत्र सोडवायची. हे नाव रे क्लफ यांनी १९६०मध्ये रूढ केले. जिथे ताण काँक्रीटला पेलवत नाही असे गणिताने दाखवले, तिथेच भिंत तडकली होती.

त्यानंतर ही भेग परीक्षेचा प्रश्न झाली. ‘अबॅकस’ या प्रसिद्ध प्रणालीच्या उदाहरणसंग्रहातही ती आहे. पण मूळ प्रतीपासूनच भेद सुरू होतात. नदीच्या प्रवाहाच्या दिशेतील हादऱ्याचे कमाल त्वरण कुठे गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पट, तर कुठे ०.४७४ पट दिलेले आढळते. पाण्याकडील बाजू त्या उदाहरणात सरळ उभी मानली आहे. प्रत्यक्षात ती किंचित निराळी आहे. संपादकाने सोयीसाठी शब्द बदलावा, तसेच हे.

याहून अवघड भेद प्रणालीच्या आवृत्त्यांचा. तीच जाळी, तोच हादरा नव्या आवृत्तीला दिला, तरी उत्तर तेच येईल असे नाही. वापरणाऱ्याने काही सांगितले नसेल तर प्रणाली जी मूल्ये गृहीत धरते, ती बदललेली असतात; जुनी चूक दुरुस्त झालेली असते; अनेक प्रोसेसरांवर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा दशांशही बदलतो. साध्या वाकणाऱ्या तुळईत हा फरक जाणवतही नाही. तडकणाऱ्या काँक्रीटची गोष्ट वेगळी: शेजारच्या दोन तुकड्यांपैकी आधी कोणता फुटावा हे तो नगण्य दशांशही ठरवू शकतो, आणि पुढची सारी भेग त्या मागोमाग जाते. हे ओळखूनच १९८३मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ‘नाफेम्स’ने प्रणाली तपासण्यासाठी ठरावीक कसोट्या रचल्या.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाही प्रश्न हाच होता: शुद्ध कशाच्या मानाने? ज्ञानदेवांच्या हातची प्रत आपल्यापुढे नाही. कोयनेची भिंत तर उभी आहे, असे कोणी म्हणेल. मला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. भेगा दिसल्या त्या दोन्ही पृष्ठांवर. आतून ती कोणत्या वळणाने गेली, हे डोळ्यांनी कोणी पाहिलेले नाही. आणि गणिते एकमेकांपासून दूर जातात ती नेमकी तिथे. काहींत ती उताराच्या कोपऱ्यातून निघून आत खाली वळते, काहींत पायाशीही दुसरी भेग उमटते.

शिवाय मूळ प्रतही राहिलेली नाही. भूकंपानंतर भेगा भरल्या गेल्या, भिंतीच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले. संगणकावर अजूनही तडकत असते ती बिनटेकूची, १९६७ची भिंत.