निवृत्ती खात्यांतील तोट्याची भरपाई व अमेरिकन प्राप्तिकर (१९३९–२००८)

निवृत्तीसाठी साठविलेला पैसा दुसऱ्याच्या दोषामुळे बुडाला आणि पुढे तडजोडीने त्याचा काही अंश परत मिळाला, तर त्या रकमेस उत्पन्न म्हणावे काय, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. गेलेले परत आले, त्यात मिळकत ती कोणती, असेच कोणीही म्हणेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ह्या प्रश्नाचे उत्तर सिद्ध होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. आणि ते कायदेमंडळाच्या एखाद्या कलमातून न येता न्यायालये व महसूल विभाग ह्यांच्या निर्णयांतून तुकड्यातुकड्यांनी आले. ह्या क्रमाचा परिणाम खातेदारांवर सारखा झाला नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. मूळ तत्त्व

१९३९ साली क्लार्क खटल्यात करविषयक अपील मंडळापुढे एक लहानसेच प्रकरण आले. करसल्लागाराच्या चुकीमुळे एका करदात्यास सुमारे २०,००० डॉलर जादा कर भरावा लागला होता व सल्लागाराने ती रक्कम त्यास भरून दिली होती. ही रक्कम उत्पन्न नव्हे, ती झालेल्या हानीची पूर्ती होय, असा मंडळाने निर्णय दिला. १९४४ च्या रेथिऑन खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने ह्या विचारास व्यापक रूप दिले. नुकसानभरपाई कशाच्या बदल्यात मिळाली, हे पाहावे. बुडालेल्या नफ्याच्या बदल्यात असेल तर ती उत्पन्न, नष्ट झालेल्या भांडवलाच्या बदल्यात असेल तर ती भांडवलाची परतफेड. १९५५ साली ग्लेनशॉ ग्लास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. ८,००,००० डॉलरच्या तडजोडीपैकी सुमारे ३,२४,५०० डॉलरचा दंडात्मक भाग कोणत्याही हानीची पूर्ती करीत नसल्याने तो करपात्र ठरला.

रेथिऑन निर्णयाचा उत्तरार्ध मात्र विशेष ध्यानात ठेवावयास हवा. भरपाई भांडवलाची आहे, हे तत्त्वतः मान्य करूनही न्यायालयाने कंपनीस करमुक्ती दिली नाही. कारण त्या भांडवलावर मुळात किती खर्च झाला होता, हे कंपनीस सिद्ध करता आले नाही. ज्या भांडवलाची करदृष्ट्या किंमत शून्य, त्याची परतफेड संपूर्ण करपात्र, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांनंतर निर्माण झालेल्या निवृत्ती खात्यांना नेमका हाच भाग भोवला.

२. निवृत्ती खात्याचे वेगळेपण

२ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड ह्यांनी कामगारांच्या निवृत्तिलाभाविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यान्वये विश्वस्तांची कर्तव्ये निश्चित झाली आणि वैयक्तिक निवृत्ती खातेही अस्तित्वात आले. त्यात आरंभी कमाईच्या १५ टक्के अथवा १,५०० डॉलर, ह्यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी वर्षाला भरता येई. १९७८ च्या महसूल कायद्याने पगारातून परस्पर बचत करण्याच्या योजनांना वाट करून दिली. गुंतवणुकीचा धोका तेव्हापासून उत्तरोत्तर मालकाकडून कामगाराकडे सरकत गेला.

अशा खात्यात भरलेला पैसा सामान्यतः कर लागण्यापूर्वीचा असतो. कर लागतो तो पैसा बाहेर काढताना. अर्थात खातेदाराचे त्यातील करदृष्ट्या भांडवल बहुधा शून्यच असते. साध्या खात्यातील रोख्यांच्या तोट्याची भरपाई मूळ किमतीच्या मर्यादेपर्यंत करमुक्त राहते. निवृत्ती खात्यातील तशाच तोट्याची भरपाई खातेदाराच्या हाती पडली, तर ती सर्वच्या सर्व उत्पन्नात धरली जाण्याचा संभव उत्पन्न होतो. शिवाय वय साडेएकोणसाठ वर्षांहून कमी असल्यास १० टक्के अधिक कराचीही भीती असते. बरे, तीच रक्कम पुन्हा खात्यात भरावी, तर ती नवी वर्गणी समजली जाऊन वार्षिक मर्यादा ओलांडली जाते, आणि वैयक्तिक खात्यात अशा अतिरिक्त रकमेवर दरवर्षी ६ टक्के कर बसतो. हाती घ्यावी तर कर, खात्यात भरावी तरी कर, अशी ही कोंडी होती.

३. योजनांपुरता मार्ग

एप्रिल १९९१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने एक्झिक्युटिव्ह लाइफ ही विमा कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा अनेक निवृत्ती योजनांचा पैसा तीत अडकला होता. तो भरून देण्यास जे मालक तयार होते, त्यांची रक्कम वर्गणीच्या मर्यादांत अडू नये म्हणून महसूल विभागाने १९९२ मध्ये तात्पुरत्या करारांची पद्धत सुरू केली. सर्वसाधारण नियम मात्र २००२ च्या ४५ व्या महसूल निर्णयाने आला. त्यातील उदाहरणात योजनेची एक अतिधोक्याची गुंतवणूक निरर्थक ठरली, कामगारांनी विश्वस्तकर्तव्याच्या भंगाबद्दल दावा लावला आणि तडजोडीनुसार मालकाने योजनेत रक्कम भरली. विश्वस्ताच्या कृत्यामुळे दायित्व येण्याचा वाजवी धोका असेल, तर अशी रक्कम वर्गणी नसून पूर्ववत् स्थिती आणणारा भरणा होय, असे विभागाने ठरविले. केवळ बाजारभावांच्या चढउतारामुळे झालेला तोटा मालकाने भरून दिला, तर त्यास ही सवलत नाही.

ह्यात जुन्या तत्त्वाचाच विस्तार आहे. भरपाई कशाच्या बदल्यात आली, ह्या प्रश्नास आता दुसरा प्रश्न जोडला गेला: ती कोठे परत गेली?

४. एकाकी खातेदार

सप्टेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी म्युच्युअल फंडांतील अनुचित व्यवहार उघडकीस आणले, आणि त्यानंतरच्या तडजोडींतून असंख्य खातेदारांना भरपाई वाटण्याचा प्रसंग आला. योजनांच्या बाबतीत अशी रक्कम कशी वाटावी, ह्याविषयी श्रम खात्याने एप्रिल २००६ मध्ये मार्गदर्शन केले. फेब्रुवारी २००८ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, योजनेतील एकट्या सभासदासही आपल्या खात्यापुरत्या तोट्याबद्दल दाद मागता येते, असे ठरविले. त्या प्रकरणात तक्रार सुमारे १,५०,००० डॉलरच्या तोट्याची होती.

ज्याचे वैयक्तिक खाते दलालाकडे होते, त्याची स्थिती निराळी. २००२ चा निर्णय योजनांपुरता होता. अशा खातेदारांच्या अर्जांवर विभागाने २००७ पासून काही खाजगी निर्णय दिले व दलालाकडून मिळालेली तडजोडीची रक्कम साठ दिवसांच्या आत खात्यात परत भरण्यास अनुमती दिली. परंतु खाजगी निर्णयाचा आधार केवळ अर्जदारास घेता येतो. इतरांस तो पूर्वदाखला म्हणून पुढे करता येत नाही. त्यासाठी शुल्क व वकिलाचा खर्च सोसावा लागतो, आणि साठ दिवसांची मुदत तर कोणाची वाट पाहत नाही.

सारांश, तत्त्व उदार होते, परंतु त्याचा लाभ पैसा कोणत्या वाटेने परतला ह्यावर अवलंबून राहिला. योजनेच्या विश्वस्तांकडे परस्पर गेलेली भरपाई निर्वेध राहिली. टपालाने धनादेश हाती आलेल्या वृद्ध खातेदारास मात्र दिवस मोजावे लागले. दोघांचा तोटा एकाच जातीचा असता त्यांच्या कराची शाश्वती वेगवेगळी राहिली, ती तोट्याच्या स्वरूपामुळे नव्हे, तर नियम ज्या क्रमाने घडले त्या क्रमामुळे होय.