खबर आणि खप



गेल्या जून महिन्यात शाळेसाठी दुरेघी वह्या घ्यावयास मी धारवाडच्या सुभाष रोडवरील एका दुकानात गेलो होतो. दुकानातील मुलाने नम्रपणे सांगितले, "सर, दुरेघी संपल्या. रोज पाचसहा जण विचारून परत जातात." मी म्हणालो, "मग मालकांना कळवीत का नाहीस?" त्याने खिशातून फोन काढून मला दाखविला. त्यात दुकानातील माणसांचा एक गट होता आणि सकाळपासून त्यावर एकोणचाळीस निरोप येऊन पडले होते. "यात वरून येते ते वाचायचे असते, सर. आम्ही लिहायचे नसते," तो म्हणाला. त्याच वेळी गल्ल्यापाशी एका कंपनीचा फिरता प्रतिनिधी हातातील काचेच्या पाटीवर मालकांना नव्या मालाची रंगीत चित्रे दाखवीत होता. कोणते पान दाखवावे, किती सूट द्यावी, हे सारे त्या पाटीतच लिहिलेले होते. दुरेघी वह्यांचे पान मात्र तिच्यात दिसले नाही.

आजच्या व्यापारातील दोन प्रमुख साधने मला अशी दहा हातांच्या अंतरात पाहावयास मिळाली. पहिले साधन एकत्र काम करणाऱ्या माणसांनी आपापसांत निरोप देण्याघेण्याचे. दुसरे विक्रेत्याला माहिती, चित्रे, दरपत्रके आणि बोलण्याची रीत पुरविणारे. इंग्रजीत त्याला 'सेल्स एनेबलमेंट' असे भारदस्त नाव आहे. या दोहोंपैकी अधिक उपयुक्त कोणते, असा प्रश्न व्यापारी मंडळी हल्ली वारंवार विचारतात. मी इतिहासाचा शिक्षक आहे, यंत्रांचा जाणकार नव्हे. परंतु हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्याच मुलखात तो निदान दीडशे वर्षांपूर्वीपासून निरनिराळ्या रूपांनी उभा राहिलेला आहे.

प्रथम खबरेची गोष्ट पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. त्यामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. धारवाडच्या काळ्या जमिनीत अमेरिकन बियाण्याचा कापूस त्याआधीच रुजला होता आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाने बाजारात ओळखला जात होता. मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी असे सांगतात की, विलायतेची डाक घेऊन येणारी आगबोट बंदराला लागण्यापूर्वीच त्यांची होडी समुद्रात तिला गाठी आणि लिव्हरपूलचा भाव इतरांच्या आधी त्यांच्या कानी पडे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर निरोपाचे सर्वात जलद साधन त्यांच्यापाशी होते. पण धारवाडच्या कुणब्यापर्यंत ती होडी येत नव्हती. खबर थोड्यांच्या हाती राहिली आणि तिच्या जोरावर मुंबईत सट्ट्याचे मनोरे चढले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या मनोऱ्यांखाली अनेक पेढ्या गाडल्या गेल्या. स्वतः प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. खबर जलद मिळते एवढ्याने व्यापार शहाणा होत नाही, हा त्यातील पहिला धडा.

त्याच १८६५ साली हिंदुस्थान तारेने युरोपाशी जोडला गेला. तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात. म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांची पुस्तके तयार केली. एका शब्दात संपूर्ण सौदा सांगता येऊ लागला. अशी तार आपल्या माणसालाच कळे, गिऱ्हाइकाला तिचा काही अर्थ लागत नसे. गिऱ्हाइकासाठी निराळी साधने निघाली. १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी. ची सोय सुरू केली, म्हणजे माल घरी आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे द्यावयाचे. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. आता खेड्यातील मनुष्यालाही छापील यादी मागविता येऊ लागली, आणि आवडले नाही तर एका पैशात तसे लिहूनही कळविता येऊ लागले. या शेवटच्या गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. तार आणि कार्ड यांत वेगाचा फरक तर होताच. पण सामान्य गिऱ्हाइकाला उत्तर देण्याची ऐपत कार्डाने दिली, हा फरक मला अधिक मोलाचा वाटतो.

आता खपाची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उद्योगाचा आरंभ केला. ते केवळ सायकल विकीत नसत, ती चालवावयासही शिकवीत. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. येथे कारखान्यातील माणसांनी एकमेकांना कितीही निरोप पाठविले असते तरी काय उपयोग झाला असता? अडचण शेतकऱ्याच्या मनात होती. तेथवर जाऊन त्याची शंका ऐकणे आणि नांगर प्रत्यक्ष त्याच्या रानात चालवून दाखविणे हाच त्यावर उपाय होता. विक्रेत्याला साहाय्य करणे म्हणजे त्याच्या हाती सुंदर चित्र देणे एवढेच नव्हे. समोरच्या मनुष्याची शंका काय आहे, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे नियतकालिक काढले. नावातच खबर होती, आणि हेतू खपाचा होता. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना व्हावी, वाडीतील घडामोडी कळाव्यात, असा त्याचा आरंभीचा बेत. एका कारखान्याच्या मालाची यादी महिन्यामागून महिने कोण वाचणार? पण संपादकाने दार उघडे ठेवले. लेख, कथा, चित्रे आणि समाजसुधारणेचे वाद त्यातून आत आले. पुढे 'खबर' हा शब्द गळून पडला आणि ते 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघर गेले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्यास मिळाली. माल विकण्यासाठी निघालेले पत्र वाचकांच्या मनातले बोलू लागले, म्हणून टिकले. कारखान्याचे नाव ज्या घरांत नांगराने नेले नसते, अशा घरांतही ते या मासिकाने नेले.

याच काळात आपल्या सुभाष रोडवर कन्नडमध्ये तसाच एक प्रयोग झाला. 'जडभरत' या नावाने लिहिणारे जी. बी. जोशी यांनी १९३३ साली मनोहर ग्रंथमाला स्थापन केली. तिचा आधार वर्गणीदार वाचक हा होता. वर्गणीदाराला पुस्तक पोचविणे ही झाली विक्रीची बाजू. निरोपाची बाजू ग्रंथमालेच्या माळ्यावर चाले. कन्नडमध्ये माळ्याला 'अट्ट' म्हणतात, आणि सुभाष रोडवरील हा अट्ट साहित्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ज्यांच्या घरची बोली मराठी होती ते कविवर्य द. रा. बेंद्रे या परिवारातले. समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी तेथले. तरुण गिरीश कार्नाड यांचे 'ययाति' नाटक १९६१ साली येथूनच प्रसिद्ध झाले. लेखक, संपादक आणि वाचक एकाच जिन्याने वर चढत. कोणाला काय रुचले, काय रुचले नाही, हे समजण्यासाठी निराळे यंत्र नको होते. तो जिनाच पुरेसा होता.

आता आजच्या साधनांकडे वळू. अमेरिकेत २०१३ साली 'स्लॅक' नावाची निरोपांची प्रणाली आली, २०१७ साली मायक्रोसॉफ्टची 'टीम्स' आली. एका कामाचा एक कप्पा करावा, त्यात सर्वांनी लिहावे, आणि मागील बोलणे शोधता यावे, हा त्यांचा गाभा. 'सायस्मिक', 'शोपॅड' ही दुसऱ्या वर्गातील, २०१०च्या सुमारास पुढे आलेली नावे. विक्रेत्याने कोणते पत्रक दाखवावे, जुने दरपत्रक कोणते आणि नवे कोणते, गिऱ्हाइकाने पाठविलेले पान उघडले की नाही, याची नोंद ती ठेवतात. पहिलीचा दोष असा की निरोपांचा पूर येतो आणि महत्त्वाचा शब्द त्यात वाहून जातो. दुसरीचा दोष असा की गिऱ्हाइकाने कोणते पान पाहिले हे ती सांगते, परंतु पाहून तो गप्प का राहिला हे सांगू शकत नाही. चारपाच माणसांच्या दुकानाला पहिली पुरते. ज्यांचा माल शेकडो प्रकारचा आणि विक्रेते गावोगावी पांगलेले, त्यांना दुसरीची गरज लागते.

विक्रीचा हिशेब ठेवणारी प्रणाली करणाऱ्या 'सेल्सफोर्स' या कंपनीने २०२१ साली 'स्लॅक' विकत घेतली. किंमत सुमारे २,७७० कोटी डॉलर. खपाला खबर लागते, हे ओळखूनच एवढी किंमत मोजली गेली असली पाहिजे. किर्लोस्करवाडीने ही दोन्ही कामे १९२० साली एका मासिकाच्या पानांत एकत्र आणली होती, आणि ग्रंथमालेने ती एका माळ्यावर.

तेव्हा कोणते साधन घ्यावे, असे मला विचाराल तर मी एकच कसोटी सुचवीन. त्यातून शब्द परत येतो काय? गल्ल्यापासून फळीपर्यंत निरोप जावयास कोणतेही यंत्र चालते. फळीपाशी उभ्या असलेल्या मुलाचा शब्द गल्ल्यापर्यंत ज्यातून पोचतो, ते साधन चांगले. तो पोचत नसेल, तर साधन कितीही महाग असो, प्रेमचंदांच्या होडीहून त्याची योग्यता अधिक नाही. आणि असा मुलगा रोज सांगण्यासारखे काही पाहत असून बोलावयाचे विसरत जातो, ही हानी कोणत्याच वहीत मांडली जात नाही.

त्या दिवशी निघताना मी गल्ल्यापाशी थांबलो आणि दुरेघी वह्यांची गोष्ट मालकांच्या कानांवर घातली. ते चकित झाले. "रोज पाचसहा जण? मला कोणी सांगितलेच नाही!" असे म्हणून त्यांनी समोरच्या कागदावर काही टिपून घेतले आणि त्या मुलाला हाक मारली, "अरे, इकडे ये. आणखी काय काय विचारतात लोक?" मुलगा क्षणभर बावरला. मग तो बोलू लागला, आणि मी पायरी उतरलो तेव्हाही त्याचे बोलणे संपले नव्हते.